जाळी उतरली, तोफा चढल्या : युद्धात ओढल्या गेलेल्या मासेमारी नौका

इटली दुसऱ्या महायुद्धात उतरल्याला जेमतेम नऊ दिवस झाले होते. १९ जून १९४० रोजी एडनजवळच्या समुद्रात ‘गॅलिलिओ गॅलिली’ ही सुमारे एक हजार टनांची इटालियन पाणबुडी पाण्याखालच्या स्फोटांनी हैराण होऊन पृष्ठभागावर आली. तिच्यावर शंभर मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या. समोर ‘मूनस्टोन’ नावाची ब्रिटिश नौका होती आणि तिच्यावर मोठी म्हणता येईल अशी एकच चार इंची तोफ होती. आकार, शस्त्रे, मनुष्यबळ अशा कोणत्याही निकषावर ही बरोबरीची झुंज नव्हती. तरीही काही मिनिटांत पाणबुडीचा कप्तान मारला गेला, उरलेल्या खलाशांनी शरणागती पत्करली आणि एका विनाशिकेच्या मदतीने ती ओढत एडन बंदरात नेण्यात आली. पुढे ब्रिटिशांनी तिचा वापर स्वतःच्या नौसैनिकांच्या सरावासाठी केला.

पाणबुडीत सापडलेल्या कागदपत्रांतून इतर इटालियन पाणबुड्यांच्या हालचालींचा सुगावा लागला. त्यांपैकी ‘गॅल्व्हानी’ ही पाणबुडी त्याच आठवड्यात ओमानच्या आखाताजवळ बुडवण्यात आली. मात्र त्याआधी, २३ जून रोजी, तत्कालीन भारतीय नौदलाची ‘पठाण’ ही गस्तनौका तिला बळी पडली होती, असे मानले जाते. एडनला लागलेल्या त्या कागदांशी मुंबईच्या किनाऱ्याचा असा थेट संबंध होता.

‘मूनस्टोन’ मूळची युद्धनौका नव्हती. १९३४ मध्ये ती उत्तरेकडील थंड समुद्रात मासे पकडण्यासाठी बांधली गेली होती. युद्ध तोंडावर आले तेव्हा ब्रिटिश नौदलाने तिच्यासारख्या शेकडो नौका विकत वा भाड्याने घेतल्या, त्यांच्यावरची जाळी उतरवली आणि तोफा चढवल्या. सागरी युद्धाच्या इतिहासात विमानवाहू जहाजे आणि अवाढव्य युद्धनौकांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. मासळीचा वास न गेलेल्या या बोटींना मात्र तळटीपेहून अधिक जागा क्वचितच मिळाली. वास्तविक दोन्ही महायुद्धांत ब्रिटनची बंदरे खुली राहिली, त्याचे मोठे श्रेय त्यांचे होते. आणि त्यांच्या या कामगिरीतूनच एक प्रश्न उभा राहिला, जो आजही सुटलेला नाही : समुद्रात दिसणारी मासेमारी नौका खरोखर मासेमारीच करते आहे, हे शत्रूने कशावरून मानायचे?

पाणसुरुंग आणि जाळे

या कथेची सुरुवात रशिया-जपान युद्धापासून होते. १३ एप्रिल १९०४ रोजी पोर्ट आर्थरबाहेर ‘पेट्रोपाव्लोव्स्क’ ही रशियन युद्धनौका पाणसुरुंगावर आदळून बुडाली आणि तिच्याबरोबर अॅडमिरल माकारोव्ह यांनाही जलसमाधी मिळाली. महिनाभरातच, १५ मे रोजी, जपानच्या ‘हात्सुसे’ आणि ‘याशिमा’ या दोन युद्धनौका त्याच प्रकारे गमावल्या गेल्या. कोट्यवधींच्या युद्धनौकेचा घास एक स्वस्त लोखंडी गोळा घेऊ शकतो, हे जगभरच्या नौदलांना त्या दोन महिन्यांत कळून चुकले.

त्या काळातील पाणसुरुंगाची रचना साधी, पण घातक होती. स्फोटकांनी भरलेला पोकळ गोळा तारेने तळावरच्या वजनाला बांधलेला असे. तार मोजून सोडल्यामुळे तो पृष्ठभागाखाली काही मीटरवर अदृश्य तरंगत राही. त्याच्या अंगावर शिशाची शिंगे असत. जहाजाचा तळ लागून शिंग वाकले की आतली काचेची नळी फुटे, तिच्यातील आम्ल विद्युतघटात उतरे आणि निर्माण झालेल्या प्रवाहाने स्फोट होई. असा सुरुंग दिसत नाही, ऐकू येत नाही आणि पेरणारा निघून गेल्यावरही महिनोन्महिने वाट पाहत राहतो.

तो काढायचा कसा, याचे उत्तर नौदलाच्या अभियंत्यांपेक्षा मच्छीमारांजवळ आधीपासून होते. ट्रॉलर म्हणजे पिशवीच्या आकाराचे भले मोठे जाळे समुद्रतळावरून ओढणारी नौका. त्या जाळ्याच्या दोन बाजूंना जड फळ्या असतात. नौका पुढे जाऊ लागली की पाण्याच्या रेट्याने त्या परस्परांपासून दूर सरकतात आणि जाळ्याचे तोंड उघडे राहते. खवळलेल्या समुद्रात, ठरलेल्या खोलीवर, ठरलेल्या वेगाने काहीतरी जड ओढत नेणे हे ट्रॉलरच्या तांडेलाचे रोजचे काम. त्यासाठी दणकट सांगाडा, वाफेवर चालणारे विंचयंत्र, शेकडो मीटर तार आणि ती हाताळण्यात मुरलेली माणसे नौकेवर सज्जच असत. जाळ्याऐवजी नुसती तार ओढली की झाले.

ब्रिटनच्या चॅनल ताफ्याचे प्रमुख अॅडमिरल लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड यांनी १९०७ मध्ये ग्रिम्सबीसारखी मासेमारी बंदरे पाहिली आणि सुरुंग काढण्यासाठी ट्रॉलर वापरण्याची सूचना केली. पुढच्याच वर्षी ग्रिम्सबीच्या ‘अल्गोमा’ आणि ‘अँडीज’ या दोन नौकांवर चाचण्या झाल्या. दोन ट्रॉलर समांतर चालवायचे, त्यांच्यामध्ये तार धरायची आणि ती योग्य खोलीवर राहावी म्हणून ‘पतंग’ या नावाचा जड सांगाडा तिला जोडायचा, अशी ही पद्धत होती. तार सुरुंगाच्या दोरात अडकली की दोर तुटे, गोळा वर येई आणि बंदुकीच्या गोळ्यांनी तो फोडला वा बुडवला जाई. चाचण्या यशस्वी झाल्यावर नौदलाच्या राखीव दलात ट्रॉलरवाल्यांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. शांततेत मासे पकडायचे, थोडे दिवस सराव करायचा आणि युद्ध पेटले की नौकेसह हजर व्हायचे, असा तो करार होता.

पहिल्या महायुद्धानंतर एकट्या नौकेनेही सुरुंग काढता येईल अशी सुधारित पद्धत निघाली. तीत तार बाजूला ताणून धरण्यासाठी मच्छीमारांची तीच फळी वापरली गेली. ज्या ट्रॉलरवर हे तंत्र घडले त्याचे नाव ‘ओरोपेसा’, आणि पद्धतही त्याच नावाने ओळखली गेली. नौदलाच्या तंत्रज्ञानाला एका मासेमारी नौकेचे नाव मिळाल्याची अशी उदाहरणे फार नाहीत.

किनाऱ्यापासून डार्डानेल्सपर्यंत

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले आणि दुसऱ्याच दिवशी जर्मनीच्या ‘क्योनिगिन लुईझ’ या जहाजाने इंग्लंडच्या किनाऱ्यासमोर सुरुंग पेरले. ते जहाज बुडवणारी ‘अँफियन’ ही क्रूझर ६ ऑगस्टला त्याच सुरुंगांवर गेली. २७ ऑक्टोबरला आयर्लंडच्या उत्तरेस ‘ऑडेशियस’ ही अद्ययावत युद्धनौका एका सुरुंगाने बुडाली. तेव्हापासून मासेमारी नौकांची मागणी वाढतच गेली. युद्ध संपेपर्यंत ट्रॉलर आणि हेरिंग पकडणारे ड्रिफ्टर मिळून तीन हजारांच्या आसपास नौका नौदलाच्या चाकरीत आल्या होत्या.

हे काम रोजचे होते आणि त्यात गौरव नव्हता. बंदरासमोरचा मार्ग आज साफ केला तरी रात्रीतून पाणबुडी नवे सुरुंग पेरून जाई, म्हणून उद्या पुन्हा तोच मार्ग. शिवाय ट्रॉलरचा पाण्याखालचा भाग खोल. ज्या सुरुंगाला उथळ तळाची नौका सहज ओलांडून जाई, तो ट्रॉलरला लागे. सहलीसाठी वापरल्या जाणाऱ्या, दोन बाजूंना चाके असलेल्या उथळ आगबोटी या बाबतीत सुरक्षित ठरल्या. पण वादळी समुद्रात त्या टिकत नसत, आणि उत्तर समुद्रात शांत दिवस मोजकेच.

मच्छीमारांकडून काय अपेक्षावे आणि काय नाही, याचा कटू धडा १९१५ मध्ये डार्डानेल्सच्या सामुद्रधुनीत मिळाला. इस्तंबूलकडे जाणारा हा चिंचोळा मार्ग तुर्कांनी सुरुंगांनी बंद केला होता आणि दोन्ही काठांवर तोफा होत्या. सुरुंग काढायला उत्तर समुद्रातील ट्रॉलर पाठवण्यात आले. त्यांच्यावर बहुतांश मच्छीमारच होते. सामुद्रधुनीत पाण्याचा ओघ सतत बाहेरच्या दिशेने वाहतो. मागे तार सोडून त्या ओघाविरुद्ध चढताना या नौका जवळजवळ एका जागी उभ्या असल्यासारख्या दिसत. रात्री शोधदिव्यांच्या झोतात, किनाऱ्यावरच्या तोफांच्या टप्प्यात हे काम करायचे होते. सुरुंगाने उडून जाणे त्यांनी आपल्या कामाचा भाग म्हणून स्वीकारले होते. तोफांच्या माऱ्यात स्थिर लक्ष्य होऊन राहणे मात्र कोणी त्यांना शिकवले नव्हते, त्यासाठी त्यांनी सही केली नव्हती. अनेक नौका मागे फिरल्या. नौदलाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना भ्याड ठरवले, जे अन्यायाचे होते, कारण त्याच अधिकाऱ्यांच्या युद्धनौका काठावरच्या तोफा बंद पाडू शकल्या नव्हत्या.

८ मार्चच्या रात्री ‘नुसरत’ या छोट्या तुर्की जहाजाने आधीच साफ समजल्या गेलेल्या भागात आणखी २६ सुरुंग पेरले. १८ मार्चला मोठा ताफा आत शिरला, तेव्हा फ्रान्सची ‘बुवे’ आणि ब्रिटनच्या ‘इर्रेझिस्टिबल’ व ‘ओशन’ या युद्धनौका बुडाल्या. ‘बुवे’वरील सहाशेहून अधिक माणसे गेली. समुद्रमार्गाने सामुद्रधुनी जिंकण्याचा प्रयत्न तिथेच संपला आणि गॅलिपोलीच्या जमिनीवरील रक्तरंजित मोहीम सुरू झाली. त्या मोहिमेत भारतीय सैनिकही लढले आणि मरण पावले.

ड्रिफ्टरांची कथा वेगळी. हेरिंगसाठी जाळ्यांची लांब रांग सोडून प्रवाहाबरोबर वाहत राहणाऱ्या या नौकांना पाणबुड्या अडवण्यासाठी पोलादी तारांची जाळी देण्यात आली. इटली आणि अल्बानिया यांच्यामधील ओट्रांटोच्या सामुद्रधुनीत त्यांची अशी फळी उभी होती. १५ मे १९१७ च्या पहाटे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या तीन क्रूझर तिच्यावर चालून आल्या. अनेक ड्रिफ्टरांना नौका सोडून जाण्याची संधी देण्यात आली आणि त्यांनी ती घेतली. त्यात शहाणपण होते. ‘गोवनली’चा तांडेल जोसेफ वॉट याने मात्र शरण येण्याचा हुकूम धुडकावला आणि एका लहानशा तोफेने क्रूझरवर गोळीबार सुरू केला. त्या दिवशी १४ ड्रिफ्टर बुडाले, ७२ जण युद्धकैदी झाले. वॉट वाचला आणि व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी ठरला.

मच्छीमाराला मिळालेले अभय

युद्धातही मच्छीमाराला हात लावू नये, ही परंपरा युरोपात जुनी आहे. इंग्लंडचा राजा चौथा हेन्री याने १४०३ मध्ये तशा आज्ञा काढल्या होत्या. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात अमेरिकी नौदलाने क्युबाजवळ ‘पाकेते अबाना’ आणि ‘लोला’ या दोन मासेमारी होड्या पकडून लिलावात विकल्या. त्यांच्यावर ताजी मासळी होती, शस्त्र एकही नव्हते. हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने १९०० मध्ये हेन्रीच्या आज्ञांपासूनचा इतिहास धुंडाळून निकाल दिला की, किनारी मासेमारी करणाऱ्या निःशस्त्र नौकांना पकडता येणार नाही. हा निकाल आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो.

या अभयाची गरज किती खरी होती, हे २१ ऑक्टोबर १९०४ च्या रात्री दिसले. जपानशी लढायला निघालेल्या रशियन ताफ्याने उत्तर समुद्रातील डॉगर बँकेवर मासेमारी करणाऱ्या हलच्या ट्रॉलरांना जपानी पाणतीर नौका समजून त्यांच्यावर तोफा डागल्या. एक ट्रॉलर बुडाला, मच्छीमारांचे जीव गेले आणि ब्रिटन व रशिया युद्धाच्या उंबरठ्यावर आले. १९०७ च्या हेग परिषदेने मग नियम लिहून काढला : केवळ किनारी मासेमारी करणाऱ्या नौका पकडल्या जाणार नाहीत, पण त्यांनी युद्धात कोणताही भाग घेताच हे अभय संपेल. पुढचे वाक्य अधिक महत्त्वाचे आहे. या नौकांचे शांततामय रूप कायम ठेवून त्यांचा लष्करी उपयोग करणार नाही, असे सहभागी राष्ट्रांनी मान्य केले.

म्हणजे ट्रॉलरला राखाडी रंग देऊन, वर नौदलाचा ध्वज लावून, त्याला उघडपणे युद्धनौका करण्यास कायद्याची हरकत नाही. हरकत आहे ती सोंगाला. पहिल्या महायुद्धात नेमके सोंगच फोफावले. जर्मन पाणबुड्या सुरुवातीस मासेमारी होड्यांजवळ पृष्ठभागावर येत, खलाशांना उतरवत आणि होडी बुडवत. त्यावर उपाय म्हणून ब्रिटनने काही शिडाच्या मासेमारी होड्यांवर तोफा दडवल्या. १५ ऑगस्ट १९१५ रोजी अशाच ‘इन्व्हरलायन’ या होडीने जवळ आलेली ‘यूबी-४’ ही पाणबुडी बुडवली. बरोबर दोन वर्षांनी, १५ ऑगस्ट १९१७ रोजी, ‘नेल्सन’ या सशस्त्र होडीची पाणबुडीशी गाठ पडली. या वेळी पाणबुडी जवळ आलीच नाही. तिने लांबूनच मारा केला. तांडेल टॉमस क्रिस्प प्राणांतिक जखमी झाला. होडीवर त्याचा मुलगाही होता. मदतीचा निरोप कबुतराच्या पायाला बांधून सोडण्यात आला. क्रिस्पला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

क्रिस्पच्या शौर्याबद्दल शंका नाही. परंतु दोन वर्षांत पाणबुड्या काय शिकल्या, हेही पाहिले पाहिजे. एका होडीत तोफ असू शकते म्हटल्यावर साऱ्याच होड्या संशयित झाल्या. खरोखर मासेच पकडायला गेलेल्यांना उतरण्याची सवड देण्याचे कारण शत्रूपाशी उरले नाही. त्या युद्धात ब्रिटनच्या साडेसहाशेहून अधिक मासेमारी नौका शत्रूकडून नष्ट झाल्या.

‘हॅरी टेट’चे नौदल

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लोस्टॉफ्ट या गावी एका सार्वजनिक बागेत आणि तिथल्या नाट्यगृहात या लोकांचे मुख्यालय उघडले. त्यांच्या दलाचे अधिकृत नाव रॉयल नेव्हल पेट्रोल सर्व्हिस. लोकांनी मात्र सगळे यंत्र बिघडवून ठेवणाऱ्या हॅरी टेट या विनोदी नटाचे नाव त्याला देऊन टाकले. कवायत, सलाम, गणवेशाची टापटीप यांचे या माणसांशी कधी जमले नाही. पण या दलाला स्वतःचा चांदीचा बिल्ला मिळाला, जो नौदलात इतर कोणालाच नव्हता. युद्धकाळात सुमारे ६६ हजार माणसे आणि सहा हजार लहानमोठ्या नौका या दलातून गेल्या.

ट्रॉलरचे रूपांतर काही आठवड्यांत होई. मासळी साठवायच्या कोठीत खलाशांच्या झोपायच्या जागा बसवल्या जात. पुढच्या उंच भागावर तोफेचा चौथरा, मागे पाणबुडीवर टाकायच्या स्फोटक पिंपांचे घोडे, तळाला पाण्याखालचा प्रतिध्वनी टिपणारे यंत्र. वेग मात्र मासेमारीचाच राही. पृष्ठभागावर आलेली जर्मन पाणबुडी बहुतेक ट्रॉलरांना सहज मागे टाकू शके. तरीही ४ ऑक्टोबर १९४१ रोजी टेनेरीफ बेटाच्या नैर्ऋत्येस हलच्या ‘लेडी शर्ली’ने आपल्याहून दुप्पट मोठी ‘यू-१११’ बुडवली आणि जिवंत राहिलेल्या तिच्या ४४ जणांना कैद केले. कैदी पकडणाऱ्यांपेक्षा जास्त होते. दहा आठवड्यांतच, ११ डिसेंबरला, जिब्राल्टरजवळ एका पाणबुडीने ‘लेडी शर्ली’लाच बुडवले. तिच्यावरचा एकही माणूस परतला नाही.

नॉर्वेतील नामसोस येथे ‘अरब’ या ट्रॉलरने एप्रिल १९४० अखेर सुरू झालेल्या पाच दिवसांत विमानांचे ३१ हल्ले झेलले. बंदराच्या धक्क्याला लागलेली आग विझवण्यासाठी तिचा कप्तान रिचर्ड स्टॅनर्ड याने नौकेचे नाक धक्क्याला टेकवून दोन तास पाण्याचा मारा चालू ठेवला होता, आणि धक्क्यावर दारूगोळा होता. स्टॅनर्डलाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

सुरुंगही बदलले होते. जहाजाच्या लोखंडाचे चुंबकीय क्षेत्र ओळखून फुटणारा सुरुंग जर्मनीने १९३९ मध्ये आणला. तो तळावर पडून राही, त्यामुळे तारेने दोर तोडण्याची पद्धत निरुपयोगी ठरली. नोव्हेंबर १९३९ मध्ये शूबरीनेसच्या चिखलात असा एक सुरुंग अखंड सापडला आणि तो उघडून त्याचे गुपित कळले. मग लाकडी ड्रिफ्टरांना पुन्हा भाव आला. लोखंडाचे कमी भाग असलेल्या या नौका जोडीने वीजवाहक तारा ओढत आणि प्रवाह सोडून सुरुंग लांबच फोडत.

१९४२ च्या आरंभी जर्मन पाणबुड्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हाहाकार माजवला, तेव्हा अमेरिकेजवळ पुरेशा गस्तनौका नव्हत्या. ब्रिटनने २४ ट्रॉलर पाठवले. त्यांपैकी ‘बेडफर्डशायर’ मे महिन्यात नॉर्थ कॅरोलायनाजवळ सर्वांसह बुडाली. ओक्राकोक बेटावर चार मृतदेह लागले. बेटवासीयांनी ते पुरले, आणि त्या छोट्या दफनभूमीत आजही दरवर्षी मे महिन्यात मानवंदना दिली जाते. लोस्टॉफ्टच्या स्मारकावर या दलातील अशा २,३८५ जणांची नावे आहेत, ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर लाभली नाही.

शत्रूही हेच करत होता. जर्मनीने हवामानाची माहिती पाठवण्यासाठी आर्क्टिककडे ट्रॉलर ठेवले होते. ते महिनोन्महिने समुद्रात राहतात, तेव्हा पुढच्या महिन्यांच्या गुप्त सांकेतिक किल्ल्याही त्यांच्यावर असणार, असा तर्क ब्लेचली पार्कमधील तरुण विश्लेषक हॅरी हिन्स्ली यांनी केला. मे १९४१ मध्ये ‘म्युन्शन’ आणि जूनमध्ये ‘लाउएनबुर्ग’ या नौका पकडण्यात आल्या, आणि पुढील दोन महिने एनिग्मा संदेश वाचणे पुष्कळ सोपे झाले. जपानने पॅसिफिकमध्ये मासेमारी नौकांची टेहळणी फळी उभारली होती. १८ एप्रिल १९४२ रोजी तिच्यातील ‘निट्टो मारू’ने अमेरिकी विमानवाहू ताफा पाहून टोकियोला खबर दिली. त्यामुळे डूलिटल यांच्या १६ बॉम्बफेकी विमानांना ठरल्यापेक्षा बरेच आधी, सुमारे १,२०० किलोमीटरवरून उड्डाण करावे लागले. खबर देणारी नौका त्याच सकाळी बुडाली.

अरबी समुद्रातील चूक

भारताकडे उत्तर समुद्रासारखा वाफेच्या ट्रॉलरांचा ताफा नव्हता. इथल्या मच्छीमारांच्या शिडाच्या होड्यांना तोफेचा भार पेलला नसता. त्यामुळे तत्कालीन रॉयल इंडियन नेव्हीने किनारी प्रवासी व मालवाहतुकीच्या लहान आगबोटी ताब्यात घेऊन त्यांना शस्त्रे दिली. त्या नौदलाच्या खलाशांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान दर्यावर्दींची परंपरा जुनी होती. शिवाय ब्रिटनच्या ‘बॅसेट’ वर्गातील आराखड्यावरून नवे ट्रॉलर भारतात, मुख्यतः कोलकात्याच्या गोद्यांत, बांधले गेले. ‘आग्रा’, ‘लाहोर’, ‘बडोदा’ अशी शहरांची नावे त्यांना मिळाली. त्यांत एक ‘नासिक’ही होता. समुद्रापासून इतक्या दूरच्या शहराचे नाव सुरुंग काढणाऱ्या नौकेला मिळावे, हे थोडे गमतीचेच. फाळणीत नौदलाचीही वाटणी झाली तेव्हा चार ट्रॉलर भारताला आणि दोन पाकिस्तानला मिळाले.

ताब्यात घेतलेल्या आगबोटींपैकी ‘प्रभावती’ची कथा या लेखाच्या मूळ प्रश्नाशी येऊन भिडते. पर्ल हार्बरवरील हल्ल्याची बातमी नुकतीच आली होती. डिसेंबर १९४१ च्या त्या रात्री ‘प्रभावती’ मागे दोन पडाव ओढत अरबी समुद्रातून चालली होती. ब्रिटनच्याच ‘ग्लासगो’ या क्रूझरला अंधारात तो आकार पृष्ठभागावर आलेल्या जपानी पाणबुडीसारखा वाटला. तोफा डागल्या गेल्या आणि ‘प्रभावती’ बुडाली. सैनिकी आणि नागरी यांतली रेषा पुसट झाली की स्वपक्षालाही डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

फॉकलंडपासून आजपर्यंत

१९८२ मध्ये फॉकलंड बेटांसाठी ब्रिटन व अर्जेंटिनात युद्ध पेटले, तेव्हा हलच्या ‘कॉर्डेला’, ‘फार्नेला’, ‘जुनेला’, ‘नॉर्थेला’ आणि ‘पिक्ट’ या पाच ट्रॉलरांना पुन्हा सुरुंग काढायला बोलावले गेले. या वेळी मात्र त्यांच्यावर मच्छीमार नव्हते, नौदलाचे प्रशिक्षित लोक होते. मच्छीमार असते तरी किती असते, हा प्रश्नच होता. आइसलंडने २०० सागरी मैलांपर्यंतचे पाणी आपले ठरवल्यावर हलचा दूरच्या समुद्रातला मासेमारी व्यवसाय जवळपास बुडाला होता.

त्याच युद्धात अर्जेंटिनाचा ‘नारवाल’ हा ट्रॉलर ब्रिटिश ताफ्याच्या मागावर होता. ९ मे रोजी ब्रिटिश विमानांनी त्याच्यावर हल्ला केला. एक जण मरण पावला, नौका दुसऱ्या दिवशी बुडाली. ती मासेमारी नौका असल्याचे सांगत अर्जेंटिनाने निषेध केला. नौकेवर अर्जेंटिनाच्या नौदलाचा अधिकारी सापडल्याकडे ब्रिटनने बोट दाखवले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

१९९४ मध्ये तयार झालेल्या सॅन रेमो नियमावलीने लहान किनारी मासेमारी नौकांचे अभय पुन्हा अधोरेखित केले. पण समुद्रावरचे वास्तव कागदापेक्षा गुंतागुंतीचे आहे. मार्च २०२१ मध्ये दक्षिण चीन समुद्रातील एका प्रवाळभित्तीजवळ सुमारे दोनशे चिनी नौका एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. फिलिपीन्सने त्यांना चीनचे सागरी निमलष्करी दल म्हटले. चीनच्या म्हणण्यानुसार त्या खराब हवामानात आसरा घेतलेल्या मासेमारी नौका होत्या. त्यांच्यावर तोफा नव्हत्या. त्या तिथे असणे हेच त्यांचे काम होते, आणि त्या मासेमारी नौका असल्यामुळेच त्यांना हटवणे कोणालाही अवघड होते.

भारताला याचा सर्वांत भीषण अनुभव नोव्हेंबर २००८ मध्ये आला. पोरबंदरच्या ‘कुबेर’ या मासेमारी नौकेवर पाकिस्तानातून आलेल्या दहा दहशतवाद्यांनी ताबा मिळवला, तिच्यावरील पाचही जणांना ठार केले आणि तिच्यातून ते मुंबईजवळ पोहोचले. नेहमीची नौका होती, म्हणूनच ती कोणाच्या डोळ्यांवर आली नाही. त्यानंतर देशाच्या किनाऱ्यावर नौकांची नोंदणी, मच्छीमारांची ओळखपत्रे, नौकांना रंगसंकेत अशी व्यवस्था उभी राहिली. मच्छीमारांना सागरी सुरक्षेचे ‘डोळे आणि कान’ म्हटले जाऊ लागले. या विशेषणात गौरव आहे, तसा धोकाही. हेगच्या नियमातले ‘कोणताही भाग’ हे शब्द किती ताणायचे, हे शेवटी समोरचा पक्ष ठरवतो.

भारत आणि पाकिस्तान २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी एकमेकांच्या तुरुंगांतील कैद्यांच्या याद्या देतात. या याद्यांत नागरी कैदी आणि मच्छीमार असे दोन स्वतंत्र गट असतात. मच्छीमारांमध्ये गुजरातच्या किनाऱ्यावरचे लोक मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या नौकांवर कामाला गेलेले पालघरचे खलाशीही अधूनमधून त्यांत सापडतात. बहुतेकांचा गुन्हा एवढाच असतो की, माशांच्या मागे जाताना पाण्यावरची न दिसणारी सीमा ओलांडली गेली. दर वेळी यादी देताना भारत एक मागणी करतो : मच्छीमारांना त्यांच्या नौकांसह सोडावे. माणसे वर्षा-दोन वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, वाघा सीमेवरून परततात. त्यांच्या नौका बहुधा कराचीतच राहतात.